डेस्कटॉप संगणकाच्या पॉवर सप्लायची क्षमता
घरातल्या विजेचा एसी पुरवठा १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसीमध्ये बदलून संगणकाच्या भागांना पुरवणारा भाग म्हणजे पॉवर सप्लाय. बोलताना याला एसएमपीएस म्हणतात. त्यावर छापलेला वॅटचा आकडा ही तो सलग देऊ शकेल त्या शक्तीची कमाल मर्यादा असते. ७५० वॅटचा सप्लाय बसवला म्हणजे मीटर सतत ७५० वॅटने पळेल, हा समज चुकीचा आहे. भागांना लागेल तेवढीच वीज ओढली जाते, वर रूपांतरात वाया जाणारी थोडी.

क्षमता ठरवताना हिशेब मुख्यतः प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांचाच. रॅम, एसएसडी, पंखे यांना प्रत्येकी काही वॅटच लागतात. मदरबोर्डसह या सगळ्यांसाठी ६०-७० वॅट धरले तरी बहुधा भागते. खरी चूक होते ती प्रोसेसरचा आकडा वाचताना. इंटेल कोअर आय९-१३९००के याची मूळ शक्ती १२५ वॅट, पण टर्बोमध्ये, म्हणजे जड कामासाठी वेग आपोआप वाढतो तेव्हा, ती २५३ वॅटपर्यंत जाते. सोबत २०० वॅटचे आरटीएक्स ४०७० कार्ड असेल, तर बाकी भागांसह बेरीज ३९० नव्हे, ५२० वॅटच्या आसपास येते. अशा जोडणीला ६५० वॅट योग्य, ७५० ऐसपैस. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कार्यालयीन संगणकाला मात्र ३०० वॅटही सहसा पुरून उरतात.

बेरजेवर हे जास्तीचे वॅट ठेवायचे ते क्षणिक उसळ्यांसाठी. मोठी ग्राफिक्स कार्डे सेकंदाच्या अगदी छोट्या अंशासाठी सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. पॉवर सप्लायसाठी २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने याची दखल घेतली: मोठ्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार पेलला पाहिजे, अशी त्यात अपेक्षा आहे.

एकूण वॅटपेक्षा लेबलावरची १२ व्होल्टची ओळ अधिक बोलकी असते, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही तिच्यावरच चालतात. तिथे ५४ अँपिअर लिहिले असेल तर १२ व्होल्टवर ६४८ वॅट मिळतात. खोक्यावर ६५० आणि या ओळीत जेमतेम ४०० निघाले, तर तो सप्लाय घेऊ नये.

२००४ पासून चालत आलेल्या ८० प्लस प्रमाणपत्राचा क्षमतेशी संबंध नाही. ब्राँझ, गोल्ड या श्रेण्या कार्यक्षमता सांगतात: ९० टक्के कार्यक्षमतेचा सप्लाय ३६० वॅट देण्यासाठी भिंतीतून ४०० वॅट घेतो, उरलेल्या ४० वॅटची उष्णता होते. निम्म्या भाराच्या आसपास ही कार्यक्षमता सहसा सर्वाधिक असते. पण तेवढ्यासाठी दुप्पट क्षमतेचा सप्लाय घेण्यात अर्थ नाही, फरक दोन-तीन टक्क्यांचाच असतो.

अपुऱ्या सप्लायचे लक्षण फसवे असते. एरवी संगणक सुरळीत चालतो आणि जड गेम सुरू होताच अचानक बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. मग ड्रायव्हर बदलून पाहिले जातात, विंडोज नव्याने टाकले जाते; एसएमपीएसकडे लक्ष जाते ते सगळ्यात शेवटी.