फुगे तेच, हरण्याची कारणं वेगळी

लातूरला मेसमध्ये ताटाची वाट बघत बसलेली क्लासची पोरं असोत, नाहीतर नांदेडहून किनवटकडं निघालेल्या एसटीतल्या काकू, कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर ‘फुगे फोडायचा गेम’ चालू असतोच. वर रंगीत फुग्यांचा थर, खाली नेम धरायचा बाण, एका रंगाचे तीन जुळले की फटाफट फुटले. यातला नवा भाग आला की पहिला प्रश्न ठरलेला: मागच्यापेक्षा यात वेगळं काय? उत्तरासाठी १९९४ पर्यंत मागं जावं लागतं. तिथून बघत आलं की एक गोष्ट स्पष्ट दिसते. फुगे फोडायचा नियम जवळजवळ जागचा हललेला नाही. दर टप्प्यावर बदललं ते खेळणारा हरतो कशानं, हे.

मुळाचंही मूळ आहे. जपानच्या टाइटो कंपनीनं १९८६ मध्ये ‘बबल बॉबल’ काढला. फुकिओ मित्सुजी यांनी रचलेल्या या खेळात ड्रॅगन झालेले दोन भाऊ, बब आणि बॉब, तोंडातून फुगे सोडून राक्षसांना त्यात कोंडतात आणि मग फोडतात. हा उड्या मारत खेळायचा खेळ होता, कोडं नव्हे. त्याची एक खोड मात्र मला फार आवडते. १०० लेव्हल एकट्यानं पार केल्या तरी खरा शेवट दिसत नाही. सोबत्याला घेऊन ये, असं खेळच सांगतो.

हेच दोन ड्रॅगन १९९४ च्या ‘पझल बॉबल’मध्ये पडद्याच्या तळाशी येऊन उभे राहिले. पाश्चात्त्य देशांत हा खेळ ‘बस्ट-अ-मूव्ह’ या नावानं विकला गेला, त्यामुळं जुन्या याद्या चाळताना दोन वेगळे खेळ असल्यासारखं वाटतं. एका ओळीत आठ फुगे, पुढच्या ओळीत त्यांच्या खाचांत बसणारे सात. पुढचा फुगा कोणत्या रंगाचा, हे आधीच दिसतं. कॅरममध्ये सरळ वाट नसली की आपण रिबाउंड मारतो, तसा इथं बाजूच्या भिंतीवर फुगा आपटून मागच्या कोपऱ्यात घालायचा. नवशिक्या आणि मुरलेला खेळाडू यांच्यातला फरक याच एका फटक्यात कळतो.

खरी गंमत फोडण्यात नाही, पाडण्यात आहे. फुटलेल्या फुग्याला १० गुण. पण वरचा आधार तोडून लटकते फुगे खाली पाडले, तर पहिल्याला २०, दोन पडले तर ४०, तीन पडले तर ८०, असे गुण दुप्पट होत जातात. एका फटक्यात १७ पाडले तर १३,१०,७२० गुण. म्हणजे समोर सहज फुटणारे तीन फुगे सोडून द्यायचे, वरचा एकच दुवा शोधायचा आणि त्याच्यासाठी योग्य रंगाची वाट बघायची. पण वाट तरी किती बघणार? काही सेकंद नेम धरून बसलात की फुगा आपोआप सुटतो. ठराविक फटके झाले की वरचं छतच खाली सरकतं. हा खेळ मुळात आर्केडचा, म्हणजे दुकानात ठेवलेल्या यंत्रावरचा, आणि ते यंत्र नाण्यावर चालायचं. एकच गडी दुपारभर अडून बसला तर मालकाला परवडत नाही, म्हणून हे छत. फुगे हवे तेवढे मिळायचे, वेळ मात्र मोजून.

१९९५ च्या ‘पझल बॉबल २’नं या सांगाड्याला हात लावला नाही. दर थोड्या लेव्हलनंतर डावी वाट घ्यायची की उजवी, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं, अशी फाटे फुटणारी वाटचाल आणली. त्यामुळं दुसऱ्यांदा खेळताना नवी कोडी समोर यायची. आदळलेल्या रंगाचे सगळे फुगे उडवणारा ताऱ्याचा फुगा आला. पहिल्या भागात समोरासमोर खेळायला दुसरा माणूस लागायचा. आता एकट्याला यंत्राशी भिडता येऊ लागलं. पुढं तो प्लेस्टेशन आणि सॅटर्न या घरच्या गेमयंत्रांवरही गेला. घरी विकत घेतलेल्या खेळाला नाणी लागत नाहीत, तिथं गिऱ्हाइकाला खेळ महिनोन् महिने पुरला पाहिजे. त्या दृष्टीनं मला संपूर्ण मालिकेत हाच भाग सगळ्यात नेमका वाटतो. जे घातलं ते कोड्याच्या कामाचं होतं.

तिसऱ्या भागाबद्दल मला तेवढं म्हणवत नाही. १९९६ च्या या भागात पात्र निवडता येऊ लागलं आणि प्रत्येकाची समोरच्यावर फुगे ढकलायची तऱ्हा वेगळी. दोघं खेळत असतील तर मजा येते. एकट्याला फरक फारसा जाणवत नाही. चौथ्या भागानं मात्र मोठी उडी घेतली. त्यात कप्पी आली: दोरीच्या दोन्ही टोकांना फुग्यांचे घोस, एका बाजूचे फोडले की ती हलकी होऊन वर जाते आणि दुसरी खाली येते. विहिरीवरचा रहाट ज्यानं पाहिलाय त्याला हे समजवावं लागणार नाही. शिवाय पडणारे फुगे वर उसळून आपल्या रंगाला जाऊन भिडायचे आणि साखळीनं फुटायचे. रचनेत हे हुशारीचं आहे, पण पुष्कळदा आपण काय केलं म्हणून एवढं सगळं फुटलं, ते खेळणाऱ्यालाच कळत नाही. पहिल्या भागात नशिबाला एवढी जागा नव्हती.

आपल्याकडं हे काहीच या क्रमानं आलं नाही. नव्वदच्या दशकात परभणी-जालन्यात ज्यांच्या टीव्हीला गेम जोडलेला असायचा, तो बहुधा फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राची नक्कल असायचा. कॅसेट घालायची आणि मारिओ किंवा काँट्रा खेळायचा. टाइटोनं ‘पझल बॉबल’ फॅमिकॉमसाठी काढलाच नव्हता. म्हणून पुष्कळांची ओळख थेट नकलांशी झाली, आणि नकला कमी नव्हत्या. १९९६ मध्ये ‘स्नूड’ आला. त्यात फटके वाढले की धोक्याचा काटा चढायचा, पण घड्याळाची घाई नव्हती. हवा तेवढा विचार करा. २००२ मध्ये लिनक्सवर पेंग्विनचा ‘फ्रोझन बबल’ आला. त्याच सुमारास ब्राउझरमधला ‘बबल शूटर’ पसरला आणि नेट कॅफेत तासाचे पैसे भरून रिझल्टची साइट उघडायची वाट बघणाऱ्यांना तो पुरेसा होता. त्यात छत सरकत नाही; नेम वाया गेले की वरून नवी ओळ येते.

पुढं किंग कंपनीचा ‘बबल विच सागा’ २०११ मध्ये फेसबुकवर आला आणि नंतर मोबाइलवर. आपल्याकडं गावोगावी स्वस्त डेटा पोचला तो २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाल्यावर. लगेच २०१७ च्या जानेवारीत ‘बबल विच ३ सागा’ निघाला, त्यामुळं पुष्कळांच्या लेखी हाच पहिला भाग. या मालिकेनं टाइटोचं गणित उलटं केलं. घड्याळ नाही, अंगावर येणारं छत नाही. तासभर नेम धरून बसा. पण फुगे मोजके. ते संपले की हरलात आणि एक जीव गेला. सगळे जीव गेले की थांबा, नाहीतर पैसे मोजा. “एकच राहिलता राव!” ही हळहळ पूर्वीही होती, आता नेमकी तिथंच जादा फुगे विकायची पाटी झळकते.

‘बबल विच’च्या तिन्ही भागांची आपसात तुलना करायची तर पहिल्यात कोळी आणि कढया होत्या: पडणारे फुगे कोळ्यांवर उसळून कढयांत जायचे आणि गुण मिळायचे. पाडण्याला किंमत देणारी टाइटोची जुनी कल्पना तिथं शिल्लक होती. दुसऱ्या भागापासून भर सुटकेवर गेला: भुताला सोडवा, प्राण्यांना सोडवा. तिसऱ्यात स्टेला चेटकीण, दुष्ट मांजर विल्बर आणि सोडवायची घुबडं. चित्रं देखणी झाली, गुणांचा लोभ मात्र संपला. पुढची लेव्हल उघडली की झालं.

टाइटोही थांबलेली नाही. २०२३ च्या मे महिन्यात निन्टेन्डो स्विच या गेमयंत्रावर ‘पझल बॉबल एव्हरीबबल’ आला. चौघांपर्यंत मिळून खेळता येतं आणि १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधल्या परग्रहवाशांवर फुगे मारायचा एक वेगळा प्रकार त्यात आहे. कोडं सोपं राहिलंय असं मात्र समजू नका. एरिक डिमेन आणि स्टीफन लँगरमन या संगणकशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय, की येणाऱ्या फुग्यांचे रंग आधीच माहीत असले तरी सगळे फुगे फोडता येतील का, हे ठरवणं सर्वसाधारणपणे एनपी-कम्प्लीट, म्हणजे संगणकालाही जड जाणाऱ्या वर्गातलं आहे.

मोबाइलवरच्या भागांची तुलना करताना एक अडचण येतेच. आर्केडच्या चिपमधल्या १९९४ च्या लेव्हल आजही जशाच्या तशा आहेत. मोबाइलच्या खेळात कंपनी अपडेटमधून लेव्हल बदलू शकते, फटके कमी-जास्त करू शकते. त्यामुळं उदगीरच्या भावानं तीन वर्षांपूर्वी काढलेली लेव्हल औंढ्याच्या बहिणीला आज निघत नसेल, तर दोघं एकाच कोड्याबद्दल बोलत असतील याची खात्री नाही.