चूक कळवायला कोड यावा लागत नाही

इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधली चूक कळवायची तर कोड लिहिता यायला हवा, नाहीतर कोणी ढुंकूनही बघत नाही.’ (ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर.)

असं वाटणं साहजिक आहे. नुसतं ‘चालत नाही’ लिहिलं की बहुधा काहीच घडत नाही. पण घोडं कोडपाशी अडत नाही. डेव्हलपरला तीच चूक स्वतःच्या मशीनवर घडवून बघायची असते आणि त्यासाठी लागणारी माहिती वापरणाऱ्याकडेच असते.

समजा, गणेशोत्सवाची स्मरणिका लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर) जुळवताय आणि पीडीएफ केल्यावर ‘कार्यक्रम’मधला रफार भलत्याच अक्षरावर बसतो. कळवायचं काय? आवृत्ती (ती बहुधा हेल्प मेनूत अबाउटमध्ये दिसते), ऑपरेटिंग सिस्टीम, फॉन्ट, कोणत्या क्रमाने काय केलं, काय व्हायला हवं होतं नि काय झालं. सोबत तेवढाच शब्द असलेली छोटी फाइल. अख्खी स्मरणिका जोडू नका. कळवलेल्या चुकीची नोंद वेबसाइटवर कोणालाही वाचता येते आणि स्मरणिकेत वर्गणीदारांचे फोन नंबर असतात!

खात्री करायचीय? लिबरऑफिसचं बगझिला, म्हणजे चुका नोंदवायची वेबसाइट, लॉगिन न करता उघडतं. तिथे इंग्रजी लिपीत ‘देवनागरी’ शोधा. कोडची ओळही नसलेल्या नोंदी सापडतील. काही सुटलेल्या, काही रखडलेल्या. ‘नीडइन्फो’ शेरा असेल तर नोंद करणाऱ्याकडून उत्तर हवंय. लिहावं मात्र इंग्रजीत लागतं, मोडकंतोडकं चालतं.