पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या: सातारा-सांगलीच्या स्वयंसेवकांसाठी मतपडताळणीची पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत, साताऱ्यातही आठच. विधानसभेच्या मोजणीच्या दिवशी प्रत्येक मतदारसंघातल्या पाच मतदान केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मतदान यंत्राला जोडलेल्या छपाई यंत्रातून प्रत्येक मतामागं निघणाऱ्या कागदी चिठ्ठ्या) हातानं मोजल्या जातात. म्हणजे सांगलीत जतपासून शिराळ्यापर्यंत मिळून चाळीस केंद्रं. मतदानानंतरची कागदी पडताळणी आपल्याकडं सक्तीची आहे ती एवढीच. ती डोळ्यांदेखत व्हावी, तिची नीट नोंद राहावी म्हणून पुढं येणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पाचच का? आणि आत कोणाला जाता येतं?

यंत्र आधी आलं, कागद फार नंतर. केरळमधल्या परूर मतदारसंघात १९८२ साली ५० केंद्रांवर पहिल्यांदा यंत्रावर मतदान झालं. निकाल १२३ मतांनी लागला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कायद्यात यंत्राची तरतूदच नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये त्या केंद्रांवर पुन्हा मतपत्रिकेनं मतदान घ्यायला लावलं. पुढं लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-अ हे कलम आलं, ते १९८९ पासून लागू झालं. २००४ ची लोकसभा देशभर यंत्रावर झाली. त्या यंत्रात मत गेलं की मोजायला हाताशी काहीच उरत नव्हतं. फेरमोजणी मागितली तरी बटण दाबून तोच आकडा पुन्हा वाचून दाखवायचा.

बाहेर हा विचार आधीच सुरू झाला होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १९६५ मध्येच एक टक्का केंद्रांची मतं हातानं आणि लोकांसमोर मोजण्याचा कायदा केला. बर्कलीचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी २००८ च्या सुमारास वेगळी रीत मांडली. किती मतपत्रिका तपासायच्या हे ठरीव टक्क्यानं ठरवायचं नाही, विजयाच्या फरकावर ठरवायचं. फरक मोठा असेल तर थोड्या मतपत्रिका पुरतात, फरक निसटता असेल तर जास्त लागतात, आणि शंका फिटेपर्यंत मोजणी थांबवायची नाही. कोलोरॅडोनं नोव्हेंबर २०१७ मध्ये ही पद्धत राज्यभर वापरली. तिथं कोणत्या मतपत्रिका काढायच्या हे ठरवण्यासाठी दहा बाजूंचे फासे लोकांसमोर वीस वेळा टाकतात. जर्मनीच्या घटना न्यायालयानं २००९ मध्ये म्हटलं, की तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मोजणीचे मुख्य टप्पे स्वतः तपासता आले पाहिजेत. तिथं वापरलेली यंत्रं या कसोटीवर बाद ठरली. या साऱ्यात नागरिकाची जागा नियमातच आहे. आपल्याकडची अडचण तिथंच आहे, त्याकडं पुढं येऊ.

आपल्याकडं ऑक्टोबर २०१० मध्ये निवडणूक आयोगाच्या सर्वपक्षीय बैठकीत कागदी चिठ्ठीचा विषय आला. १४ ऑगस्ट २०१३ रोजी नियम बदलले आणि सप्टेंबरात नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट पहिल्यांदा लागलं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते टप्प्याटप्प्यानं सगळीकडं आणायला सांगितलं. २०१९ ची लोकसभा पूर्णपणे व्हीव्हीपॅटसह झाली.

यंत्र लावलं, पण चिठ्ठ्या मोजायच्या किती? सुरुवातीला विधानसभा क्षेत्रामागं एकच केंद्र. विरोधी पक्षांनी पन्नास टक्के मागितले. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तज्ज्ञांच्या अहवालावरून साऱ्या देशाला ४७९ यंत्रं पुरेशी आहेत, असं आयोगाचं म्हणणं होतं. न्यायालयानं ८ एप्रिल २०१९ रोजी एकाचे पाच केले.

पाच म्हणजे किती, ते आकड्यानं बघावं. एका मतदारसंघात ३०० केंद्रं धरा आणि त्यातल्या पाचच ठिकाणी गडबड आहे असं धरा. सोडतीत त्यातलं एक तरी निघण्याची शक्यता जेमतेम ८ टक्के. गडबड तीस केंद्रांवर असेल तर ४१ टक्के. पण लोकसभेला सहा विधानसभा क्षेत्रं मिळून १,८०० केंद्रं आणि तीस सोडती झाल्या, तर दर दहातल्या एका केंद्रावरची गडबड सापडण्याची शक्यता ९६ टक्क्यांच्या घरात जाते. थोडक्यात, पाचाची पडताळणी सर्वदूर पसरलेला दोष पकडते. चार-दोन गावांपुरता दोष तिच्या हातून सहज निसटतो. स्वयंसेवकानं दोन्ही टोकं सोडून बोलावं. “पाच जुळले म्हणजे सगळं जुळलं” हेही खरं नाही आणि “पाचाला अर्थच नाही” हेही नाही.

आता जाळीच्या आत काय होतं ते. यंत्रांच्या सगळ्या फेऱ्या संपल्यावर सोडत निघते. पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कार्डांवर एकेक केंद्र क्रमांक मोठ्या अक्षरात छापलेला असतो. प्रत्येक कार्ड आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवायचं, मग चार घड्या घालून डब्यात टाकायचं आणि डबा हलवायचा. सगळे क्रमांक डब्यात गेले का, हे बघायची वेळ तेव्हाचीच. नंतर हरकत घेऊन उपयोग नसतो. मोजणी बँकेच्या कॅशियरसारख्या तारेच्या जाळीच्या कक्षात होते, म्हणजे चिठ्ठीला बाहेरून कोणाचा हात लागू नये. ज्या केंद्राची सोडत निघाली त्याच केंद्राचं व्हीव्हीपॅट टेबलावर आलं का, हे पत्त्याच्या लेबलवरून आणि यंत्राच्या क्रमांकावरून जुळवून घ्यायचं. मतदाराला सात सेकंद दिसलेली ती चिठ्ठी: अनुक्रमांक, नाव, चिन्ह. उमेदवारनिहाय खणात टाकून मग मोजतात. एका यंत्राला साधारण तास धरावा. पाच यंत्रं एकामागून एक मोजायची असल्यानं रात्र होते, आणि बरेच प्रतिनिधी निकाल कळला की निघून जातात. नेमकं तेव्हाच थांबायचं असतं.

चुका होतात त्या बहुतेक पहाटेच्या. मतदानाआधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांची चाचणी होते. ती झाल्यावर कंट्रोल युनिटवर (यंत्राच्या मतं साठवणाऱ्या भागावर) क्लोज, रिझल्ट, क्लिअर अशी तीन बटणं दाबायची आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून, मागं शिक्का मारून, काळ्या पाकिटात बंद करायच्या. केंद्राध्यक्ष क्लिअर विसरला तर यंत्रात ५० मतं जास्त निघतात. चिठ्ठ्या काढायला विसरला तर पेटीत ५० जास्त. २०१९ मध्ये आंध्रातल्या मैदुकूर मतदारसंघाच्या ६३ क्रमांकाच्या केंद्रावर न जुळण्याचं कारण हेच निघालं: चाचणीची मतं पुसलीच नव्हती. शिवाय यंत्र सुरू करताना व्हीव्हीपॅट स्वतःच्या तपासणीच्या सात चिठ्ठ्या छापतं, त्या मतांत धरायच्या नसतात. “सात चिठ्ठ्या जादा निघाल्या” अशी आरोळी उठली की आधी त्या कसल्या आहेत ते बघा. उजेडाचाही त्रास आहे. २०१८ च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट इतकी बंद पडली की ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं; प्रखर उजेड सेन्सरवर पडणं हे आयोगानं दिलेलं एक कारण होतं. पुढच्या यंत्रांत सेन्सरवर झाकण आलं.

आणि तरीही आकडे जुळले नाहीत तर? निवडणूक संचालन नियमांतला ५६-ड स्पष्ट आहे: चिठ्ठ्यांची संख्या अंतिम. याच नियमानं उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला इतर कोणत्याही केंद्राच्या चिठ्ठ्या मोजण्याची लेखी मागणी करता येते. ती मान्य करायची की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो, पण कारण त्यानं लेखी द्यायचं असतं.

नागरिकाची जागा मात्र नियमात वेगळी लिहिलेली नाही. मोजणीच्या हॉलमध्ये कोणाला घ्यायचं हे नियम ५३ ठरवतो: मोजणी कर्मचारी, आयोगानं अधिकार दिलेल्या व्यक्ती, कामावरचे अधिकारी, उमेदवार आणि त्यांचे प्रतिनिधी. “मी सामान्य मतदार, मला बघायचंय” एवढ्यावर दार उघडत नाही. म्हणून साताऱ्यात काय, सांगलीत काय, खरी वाट एकच: एखाद्या उमेदवाराचा, मग तो अपक्ष का असेना, मोजणी प्रतिनिधी व्हायचं. त्यासाठी नमुना १८ हा नेमणुकीचा अर्ज फोटोसह वेळेत द्यावा लागतो. सरकारी नोकराला हे काम करता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४-अ नुसार तो गुन्हा आहे. मोबाईल आत नेता येत नाही, तेव्हा वही आणि पेन.

हॉलपेक्षाही मोलाचा कागद गावातच मिळतो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षानं हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला १७ सी या नमुन्याच्या, म्हणजे मतांच्या हिशेबाच्या, पहिल्या भागाची सही केलेली प्रत द्यायची असते. त्यात यंत्रांचे क्रमांक आणि पडलेली एकूण मतं असतात. मोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिटचा आकडा याच कागदाशी ताडून बघायचा. प्रत घेतल्याशिवाय घरी गेलेला प्रतिनिधी मोजणीच्या दिवशी रिकाम्या हातानं उभा राहतो.

२०२४ मध्ये सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी पुन्हा कोर्टात गेली. २६ एप्रिलला न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी ती फेटाळली, पण एक नवी सोय दिली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांच्या मेमरीची तपासणी मागता येते. आयोगानं त्याचा खर्च २०२४ मध्ये यंत्र आणि व्हीव्हीपॅटच्या एका संचाला जीएसटीसह ४७,२०० रुपये ठरवला होता. फेरफार आढळला तर पैसे परत. मतदाराला असा अर्ज करता येत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात साताऱ्याच्या सीमेला लागून असलेल्या माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडी गावानं, विधानसभेला आपली मतं बरोबर मोजली गेली का हे तपासायला, स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेऊन बघायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते थांबलं. आमच्या मते त्या गावाचा प्रश्न रास्त होता. विचारायला नियमातलं दार नव्हतं.

चिठ्ठ्यांची पडताळणी काय दाखवत नाही, हे साताऱ्यानं २०२४ च्या लोकसभेला बघितलं. विजयाचा फरक ३२,७७१ होता आणि हरलेल्या उमेदवाराच्या तुतारी या चिन्हाशी साम्य असलेल्या पिपाणी या दुसऱ्याच उमेदवाराच्या चिन्हाला ३७,०६२ मतं पडली. यातल्या प्रत्येक मताची चिठ्ठी बरोबरच निघाली असेल, कारण चिठ्ठी दाबलेलं बटण सांगते, मनातला उमेदवार नाही.

जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथं यंत्र असलं तरी व्हीव्हीपॅट नसतं. म्हणजे कराडची किंवा विट्याची नगरपालिका असो, मोजायला चिठ्ठीच नाही. तिथं स्वयंसेवकाच्या हातात उरतं ते सकाळची चाचणी, सीलवरचे क्रमांक आणि संध्याकाळी केंद्राध्यक्षानं सांगितलेला एकूण मतांचा आकडा. तो आकडा लिहून घेऊन त्यावर सही मागायची सवय आत्तापासून लावावी.