आढावा नेमका कशाचा? बालगृहातल्या आयसीपीमागची पार्श्वभूमी

बालगृहातल्या प्रत्येक मुलाच्या फायलीत आयसीपी असायला हवा, हे आता संस्थेच्या शिपायालाही पाठ झालंय. कागदोपत्री त्याला कुणी वैयक्तिक काळजी योजना म्हणतं, कुणी संगोपन आराखडा. बोलताना सगळेच आयसीपी म्हणतात. तो तयार करण्याबद्दल आता फारसं दुमत नाही. घोळ आहे तो त्याच्या आढाव्यात. तो कुणी घ्यायचा, किती दिवसांनी घ्यायचा, आणि मुळात कशाचा घ्यायचा?

जुन्या काळात हा प्रश्नच नव्हता. मुंबईत १८५७ साली सुधारशाळा सुरू झाली आणि १८९७ च्या सुधारशाळा कायद्यानं मुदतही ठरवून दिली. पंधरा वर्षांखालच्या, गुन्हेगार ठरलेल्या मुलाला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं ठेवायचं. मुदत आधीच ठरलेली असेल तर मध्येच थांबून काय बघायचं? पुढे १९२४ चा आणि मग १९४८ चा मुंबईचा बालक कायदा आला. निराधार, भटकणारी मुलंही त्याच यंत्रणेत आली. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आला, गृहचौकशी आली. ‘नीट वाग, नाहीतर रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी माझ्या पिढीनं ऐकलेली आहे. पण गृहचौकशी व्हायची ती मूल आत येताना. आत आलेल्या मुलाच्या घरी दोन वर्षांनी काय बदललं, हे पुन्हा जाऊन पाहण्याची सक्ती कुणावर नव्हती. १९८६ च्या केंद्रीय बाल न्याय कायद्यानं देशभर एकच चौकट आणली, तरी या बाबतीत फारसा फरक पडला नाही.

फरक बाहेरून आला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं पंचविसावं कलम सांगतं की, काळजीसाठी, संरक्षणासाठी किंवा उपचारासाठी ज्या मुलाला कुठे ठेवलं आहे, त्याला मिळणारी वागणूक आणि त्याला तिथे ठेवण्याची परिस्थिती ठरावीक काळानं तपासून पाहिली जाणं हा त्या मुलाचा हक्क आहे. भारतानं ११ डिसेंबर १९९२ रोजी ही संहिता मान्य केली. म्हणजे तपासणी ही संस्थेची नव्हे, मुलाची गोष्ट झाली, निदान कागदावर. २००० सालच्या बाल न्याय कायद्यात मात्र हे नीट उतरलं नाही. आराखडा खऱ्या अर्थानं आला तो २००७ च्या आदर्श नियमांत.

हे नियम आले तेव्हा मी या कामात नुकती पडले होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे. त्यातली आयसीपीची व्याख्या वाचून तेव्हा आम्ही हरखून गेलो होतो. मुलाचं वय, लिंगानुसार असणाऱ्या गरजा आणि त्याचा पूर्वेतिहास लक्षात घेऊन, त्याच्याशी बोलून हा आराखडा करायचा. त्यात आरोग्य, भावनिक गरजा, शिक्षण, खेळ, नातीगोती, छळापासून संरक्षण, समाजात मिसळणं आणि घरी परतल्यानंतरचा पाठपुरावा, हे सगळं यायला हवं. नातीगोती! त्याआधीच्या केस हिस्टरीत नात्यांना जागा होती ती ‘वडील : मयत / हयात’ एवढीच.

आणि आढावा? तो शोधावा लागतो. संस्थेच्या व्यवस्थापन समितीनं दर महिन्याला बैठक घ्यायची, असं नियम म्हणतो आणि बैठकीत काय पाहायचं याची लांबलचक यादी देतो. आधी राहण्याची सोय आणि देखरेख, मग औषधोपचार, मग अन्न, पाणी, स्वच्छता, मग मानसिक आरोग्य. त्यानंतर पाचव्या मुद्द्यात मुलांच्या वैयक्तिक अडचणी, कायदेविषयक मदत, संस्थेत जुळवून घेणं, आणि या सगळ्याच्या शेपटीला, ‘यातून वैयक्तिक आराखड्याचा तिमाही आढावा व्हावा’ अशा अर्थाचे चार शब्द. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, ते एका मुद्द्याच्या टोकाला चिकटवलेलं. २०१६ च्या नियमांतही ही यादी जवळपास तशीच उचलली गेली.

ज्यांनी अशा बैठका पाहिल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. पहिल्या तीन मुद्द्यांतच दुपारचे दोन वाजतात. बोअर आटली, टँकरचं बिल थकलं, गॅसवरच्या इडलीपात्राला गळती लागली. हे प्रश्न खोटे नसतात. शंभर मुलांना रोज जेवू घालणाऱ्या अधीक्षकाला आधी तेच सुचणार. पाचव्या मुद्द्यावर इतिवृत्तात एक ओळ येते : ‘सर्व प्रवेशितांच्या आयसीपीचा आढावा घेण्यात आला.’ सर्व म्हणजे ऐंशी-नव्वद. एका दुपारी, जेवणानंतर, चहाच्या आधी.

इथेच तो शब्द नडतो. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात ‘रिव्ह्यू’ हा एकच शब्द कितीतरी ठिकाणी येतो. मराठीत त्याला पुनर्विलोकन म्हणता आलं असतं, पण जिभेला तो शब्द जड जातो. कार्यालयांत रुळला तो आढावा. आणि आढावा म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती आढावा बैठक. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, उद्दिष्ट किती, साध्य किती, शिल्लक किती. जमाखर्चाच्या वहीत शोभणारा हा शब्द. पाणीटंचाईचा आढावा घेता येतो, पीककर्जाचा घेता येतो. मुलाचा घ्यायला गेलं की तो मोजदाद होऊन बसतो.

२०१५ च्या नव्या बाल न्याय कायद्यानंतर तर एकाच संस्थेत चार वेगवेगळ्या गोष्टींना आढावा म्हणायची सोय झाली. मुलाला संस्थेत ठेवायचं की नाही हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीनं तिच्यापुढच्या निकाली आणि प्रलंबित प्रकरणांचा तिमाही अहवाल जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा, तो एक आढावा. तीन महिन्यांतून किमान एकदा तपासणी समितीनं संस्थेला भेट द्यायची, त्यालाही बोलताना आढावाच म्हणतात. बाल कल्याण समितीच्या महिन्याला किमान दोन भेटी, तो तिसरा. आणि मुलाच्या आराखड्याचा तिमाही आढावा, तो चौथा. पहिला प्रकरणांचा, दुसरा इमारतीचा आणि नोंदवह्यांचा, तिसरा थोडा इमारतीचा थोडा मुलांचा. चौथाच तेवढा एका मुलाचा. पण तिमाही उलटली आणि तपासणीची गाडी दारात येऊन गेली की अधीक्षक हुश्श करतो, आणि आढावा झाला असं सगळ्यांचंच मत पडतं. मला वाटतं, या क्षेत्रातलं निम्मं दुर्लक्ष आळसातून आलेलं नाही, ते या शब्दाच्या सरमिसळीतून आलंय. हे म्हणणं काही सहकाऱ्यांना मान्य नाही. त्यांच्या मते मूळ दुखणं रिकाम्या पदांचं आहे. तेही आहेच.

मराठवाड्यातल्या एका संस्थेत आम्ही फायली चाळत होतो. प्रगती अहवालाचा नमुना झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स, रकान्यांच्या रेघा अर्ध्या उडालेल्या. एका मुलीच्या फायलीत अकरा महिन्यांचे अकरा अहवाल होते. अकराही ठिकाणी ‘प्रगती समाधानकारक’, एकाच निळ्या शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं. सातव्या महिन्यात तिला कावीळ होऊन दवाखान्यात ठेवलं होतं, ती पावती त्याच फायलीत मागे टाचलेली. त्या महिन्यातही प्रगती समाधानकारक.

त्या मुलीचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. प्रवेशाचं कारण तेच लिहिलेलं. आता ऊसतोडीचं चक्र कुणाला सांगायला हवं? दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, उन्हाळ्यात परततात. म्हणजे तिला संस्थेची गरज असली तर वर्षातले सहा महिने. तिमाही आढावा खरोखर झाला असता तर एप्रिल-मेमध्ये कुणीतरी विचारलं असतं : आईवडील आले का? गावातली आजी धडधाकट आहे का? घरी बालसंगोपन योजनेचे पैसे मिळाले तर ती तिथेच शाळेत जाईल का? पण संस्थांचं कॅलेंडर शाळेशी बांधलेलं. प्रवेश जूनमध्ये, मुदतवाढही जूनमध्ये. फायलीवर ‘मुदतवाढ’ असा शेरा पडला की त्यालाच वर्षाचा आढावा समजायचं. अनुदान डोक्यामागे मिळत असताना जूनमध्ये डोकी कमी व्हावीत असं कुणाला वाटणार, हा प्रश्न मी फक्त विचारून ठेवते.

डिसेंबर २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पर्यायी काळजीची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यात तात्पुरत्या काळजीतल्या मुलाचा सखोल आढावा शक्यतो दर तीन महिन्यांनी व्हावा असं आहे, आणि मुलाला तिथे ठेवणं अजून गरजेचं आहे का, हे त्यातच तपासायचं आहे. आपला तिमाहीचा आकडा त्याच्याशी जुळतो. जुळत नाही तो माणूस. इंग्लंडमध्ये २००४ पासून आढाव्यासाठी वेगळा अधिकारी असतो आणि मुलाचं रोजचं प्रकरण त्याच्याकडे नसतं. आपल्याकडे आराखडा लिहिणारा, राबवणारा आणि तपासणारा बहुतेक वेळा एकच परिविक्षा अधिकारी किंवा केस वर्कर. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासायची, तीही अधीक्षकासमोर.

२०१६ च्या आदर्श नियमांनी आयसीपीसाठी फॉर्म ७ दिला आणि तपशील वाढवला. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला प्रगती अहवाल, नंतर महिन्याला एक. सुटकेच्या पंधरा दिवस आधीचा वेगळा भाग, सुटकेनंतरचा आणखी वेगळा. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये आपले नियम केले. मधल्या काळात, ५ मे २०१७ रोजी, तमिळनाडूतल्या अनाथालयांमधल्या शोषणावरून सुरू झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक संस्थेतल्या प्रत्येक मुलाचा आराखडा ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत तयार झाला पाहिजे असं बजावलं. आदेशाचा हेतू चांगला होता. खाली पोचेपर्यंत त्याचा तक्ता झाला : एकूण मुले, आराखडे तयार, शिल्लक. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री जागून फॉर्म भरले गेले. ‘मुलाची आवड’ या रकान्यात क्रिकेट, ‘मोठेपणी काय व्हायचंय’मध्ये पोलीस. एका संस्थेत तर सात वर्षांच्या बहिऱ्या मुलाच्या फॉर्मवर आवड म्हणून ‘गाणी ऐकणे’ लिहिलेलं पाहिलं.

२०१८ मध्ये केंद्राच्या पाहणीचा अहवाल आला. देशात ९,५८९ संस्था आणि त्यांत पावणेचार लाखांहून जास्त मुलं. संस्थांच्या संख्येत तमिळनाडूनंतर दुसरा क्रमांक महाराष्ट्राचा, १,२८४. एवढ्या मुलांपैकी किती जणांना खरंच घर नाही, ही चर्चा त्यानंतर जोरात सुरू झाली.

तिची कसोटी लागली ती करोनात. टाळेबंदी लागली तेव्हा संस्थांमध्ये २ लाख २७ हजारांहून जास्त मुलं होती. त्यांपैकी १ लाख ४५ हजारांहून जास्त घरी पाठवली गेली. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय पातळीवरून महाराष्ट्रासह आठ राज्यांना पत्र गेलं : शंभर दिवसांत मुलं कुटुंबात परत पाठवा. मूल घरी असावं याबद्दल कुणाचं दुमत असणार? पण शंभर दिवस मोजायचे कुठून आणि कुणासाठी? ऊसतोडीच्या तोंडावर मूल घरी पाठवलं तर ते घरी राहत नाही, फडात जातं. सर्वोच्च न्यायालयानंही स्वतःहून दखल घेऊन, प्रत्येक मुलाचा वेगळा विचार न करता असं सरसकट कसं करता येईल, असं विचारलं. या सगळ्यात एक गोष्ट बोलली गेली नाही. तिमाही आढावे मनापासून झाले असते तर कुणाला घरी पाठवायचं आणि कुणाला नाही, याची यादी प्रत्येक संस्थेच्या कपाटात आधीच तयार असती.

बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार वाढवले; ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून घरी राहणाऱ्या मुलासाठी महिना ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आलं, त्यामुळे आढाव्यात ‘घरी पाठवू’ म्हणताना हातात काहीतरी देण्यासारखं आहे. आढावा घेणारा माणूस मात्र अजून तोच आहे.

फॉर्म ७ च्या शेवटी एक तक्ता आहे : जन्मदाखला, शाळेचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, आधार. आहे की नाही, नसेल तर काय कार्यवाही केली. फॉर्मचा हाच भाग थोडाफार भरलेला सापडतो, कारण शाळा आधार मागते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आलं आणि या तक्त्याला अचानक वजन आलं. अनाथ प्रमाणपत्र हवं तर मूल कुठून आलं, नातेवाइकांचा शोध घेतला का, कधी घेतला, हे फायलीतून दिसावं लागतं.

गेल्या वर्षी एकोणीस वर्षांची एक मुलगी तिच्या जुन्या संस्थेत फाइल पाहायला आली होती. टाचण्या गंजलेल्या, कागदाला चिकटलेल्या. नातेवाइकांच्या शोधाबद्दलची एक ओळ तिला हवी होती. आम्ही दोघी जमिनीवर बसून पान-पान उलटत होतो. सहा वर्षांचे अहवाल होते, एकही महिना चुकलेला नव्हता. दुपारी अधीक्षकांनी चहा पाठवला. पाच वाजता शिपाई कपाटाला कुलूप लावायला आला, तोवर आमची चार वर्षं वाचून झाली होती.