पार्श्वभूमी : ‘बेवारस’ म्हटलेला पैसा

दहा वर्षे व्यवहार न झालेल्या बँक ठेवींना सर्रास ‘बेवारस’ म्हटले जाते. हा शब्द चुकीचा आहे, आणि त्यामुळे खरे वारसही हात झटकून मोकळे होतात. वारस मागे न ठेवता माणूस गेला तर त्याची मालमत्ता सरकारची होते. राज्यघटनेचे कलम २९६ आणि हिंदू वारसा कायद्याचे कलम २९ आहे ते त्यासाठी. ठेवीला मात्र बहुधा कुणीतरी वाली असतो, तो फक्त आलेला नसतो. त्याचा पैसा सरकारने सांभाळायचा की घ्यायचा?

या वादाची मोठी लढत झाली ती मुंबईतल्या एका कापड गिरणीमुळे. पगारपत्रकात बिल्ला नंबर, नाव, रक्कम, आणि अंगठ्याची जागा कोरी. कामगार गावी गेला तो परतला नाही, किंवा मागाहून जाहीर झालेल्या बोनससाठी फाटकाशी आला नाही. असे न दिलेले पैसे १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने कल्याण मंडळाकडे वळवले. गिरणी न्यायालयात गेली आणि डिसेंबर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली. न्यायालयाने बजावले, की दाव्याची मुदत संपली म्हणून देणे बुडत नाही. आणि खऱ्या मालकाच्या हक्काचा विचारच न करता पैसा कायमचा सरकारजमा करणारा कायदा हा सोडून दिलेल्या मालमत्तेचा कायदा ठरत नाही. फायदा गिरणीचा झाला, हे खरे. तरीही हे तत्त्व मला फार मोलाचे वाटते. पुढच्या दुरुस्त्यांत नोटीस लावणे, दावे मागवणे आले; गुजरातची तशी दुरुस्ती १९७४ मध्ये न्यायालयात टिकली.

१९९९ मध्ये मात्र हा धडा विसरला गेला. सात वर्षे न उचललेला लाभांश गुंतवणूकदारांसाठीच्या निधीत गेला, की त्यावर दावा चालणार नाही, असे कंपनी कायद्यातच लिहिले गेले. हा सरळ अन्याय होता. २०१३ च्या कायद्याने परताव्याची वाट पुन्हा खुली केली.

दहा वर्षे पडून राहिलेल्या बँक ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. मार्च २०२४ अखेर तिथे ७८,२१३ कोटी रुपये होते. दाव्याला मुदत नाही. ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ पोर्टलवर नावाने शोध घेता येतो. पैसे मागायचे ते मात्र बँकेकडेच. खातेदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे घेऊन.