संगणकात रोज हादरणारं कोयना धरण

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. दीडशेहून अधिक माणसं दगावली, घरं जमीनदोस्त झाली. १०३ मीटर उंचीचं धरण टिकलं, पण त्याला तडे गेले. सातारा नकाशात कुठे आहे हे ज्यांना सांगता येणार नाही, असे देशोदेशीचे विद्यार्थी आज हे तडे ओळखतात. बांधकामं किती भार सोसतील ते संगणकावर तपासणाऱ्या ‘अबॅकस’ या नावाजलेल्या सॉफ्टवेअरबरोबर सरावासाठी जी उदाहरणं मिळतात, त्यांत एक कोयनेचं आहे.

कोयनाच का? धरणाचा आकार नेमका माहीत आहे, तडे कुठे गेले ते माहीत आहे, आणि धरणातच बसवलेल्या यंत्रानं त्या पहाटेच्या हादऱ्याचा आलेखही टिपला होता. या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी सहसा सापडत नाहीत. त्यामुळे संगणकातलं उत्तर खऱ्या धरणाशी ताडून पाहता येतं.

धरण बांधताना भूकंपाचा विचार झालाच नव्हता असं नाही. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे वजनाच्या ५ टक्के इतकं आडवं बल धरलं होतं, तेही तळापासून माथ्यापर्यंत एकाच प्रमाणात. त्या हिशेबात काँक्रीटवर ताण, म्हणजे त्याला ओढून फाडू पाहणारा जोर, जवळजवळ येतच नव्हता. प्रत्यक्षात नदीच्या दिशेनं जमिनीला बसलेला झटका गुरुत्वाकर्षणाच्या ४९ टक्क्यांपर्यंत गेला. फरक दहापटीचा, म्हणून तडे गेले, असं म्हणून मोकळं होता येईल. पण मग ते तळाशी न जाता साधारण ६६ मीटर उंचीवरच का गेले? धरणाच्या कोरड्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, नेमके तिथे?

सिम्युलेशनचा, म्हणजे संगणकात धरणाची नक्कल करून पाहण्याचा, खरा उपयोग इथे होतो. धरणाचा छेद पडद्यावर काढा, तळ पक्का करा आणि ते स्वतःच्या तालात कसं झुलेल ते पाहा. सेकंदाला साधारण तीन हेलकावे. तळ जागेवरच, माथा मात्र सगळ्यांत जास्त हलतोय. (पडद्यावरचं हलणं शेकडो पटींनी फुगवलेलं असतं, हे विसरू नये, नाहीतर नवखा विद्यार्थी उगाच घाबरतो.) म्हणजे आडवं बल सगळीकडे एकाच प्रमाणात नसतं, ते वर वाढत जातं. त्यात कोयनेचा माथा जाड आणि जड. तो पुढे-मागे झुलला की सगळा भार उतार बदलतो त्या अरुंद जागी येतो. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे अभियंते अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच हे गणितानं दाखवून दिलं होतं. धरणाच्या सांडवा नसलेल्या भागांना नंतर कोरड्या बाजूनं काँक्रीटचे टेकू देण्यात आले.

आता एक खोच. संगणक धरणाचे बारीक तुकडे पाडतो आणि तुकड्यागणिक ताण काढतो. उतार बदलतो त्या आतल्या कोपऱ्यात तुकडे आणखी बारीक केले की ताणाचा आकडा वाढतो. अजून बारीक करा, अजून वाढतो. तो कुठे थांबतच नाही, कारण काँक्रीट कधी तडकतच नाही असं गृहीत धरलं तर टोकदार कोपऱ्यातल्या ताणाला गणितात सीमाच नाही. पडद्यावर जास्त ताण दाखवणारा लालभडक ठिपका पाहून ‘इथे मोडणार’ म्हणणारा इथे फसतो. तडा उघडायला किती ऊर्जा लागते हे संगणकाला सांगावं लागतं, तेव्हा कुठे उत्तर भानावर येतं.

म्हणून माझं मत असं, की बटण दाबण्याआधी कागदावर वाकलेला आकार हातानं काढावा आणि ताण कुठल्या बाजूला येईल ते खूण करून ठेवावं. बांधकामावर घराच्या गॅलरीच्या मुख्य सळ्या वर हव्यात की खाली, हे असा आकार काढणाऱ्याला विचारावं लागत नाही. पडद्यावरचं चित्र आणि आपला कागद जुळला नाही, की शिकायला सुरुवात होते.

हे फक्त विद्यार्थ्यांसाठी नाही. २३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेत ‘स्लाइप्नर ए’ या तेल-वायू फलाटाचा प्रचंड काँक्रीटचा पाया चाचणी चालू असताना फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या खोल खाडीत, बुडाला. संगणकात तुकडे भरड पाडले गेले होते, त्यामुळे आतल्या भिंतींवरचं कातर बल (कात्रीसारखं कापू पाहणारं बल) ४७ टक्क्यांनी कमी निघालं. सळ्याही अपुऱ्या पडल्या. नंतर नीट गणित केलं तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. नवा पाया तातडीनं हवा होता, म्हणून अभियंत्यांनी संगणकपूर्व काळातल्या पद्धतीनं, हातानं हिशेब मांडून काम सुरू केलं. संगणकाचे नवे आकडे आले तोवर त्यांची रचना पूर्ण झाली होती.