स्टिक ओढण्याची किंमत

कॉम्प्युटर गेममध्ये दोन हजार मीटरवर याक-१ हे सोव्हिएत लढाऊ विमान उडवणाऱ्या नवख्या खेळाडूला मागे जर्मन मेसरश्मिट दिसलं, की तो बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, पोटाशी ओढतो आणि वळतो. शत्रू मागून हटत नाही, म्हणून आणखी ओढतो. वेगमापकाचा काटा ताशी ४०० किलोमीटरवरून ३०० वर आणि मग २२० वर उतरतो. पंख थरथरू लागतात, डावा पंख एकाएकी खाली जातो आणि विमान गिरक्या घेत जमिनीकडे निघतं. शत्रूने तोवर एक गोळीही झाडलेली नसते.

'इल-२ स्टुर्मोविक' या गेममध्ये हे रोज घडतं. मॉस्कोच्या मॅडॉक्स गेम्सने ओलेग मॅडॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तो तयार केला आणि २००१ मध्ये तो बाजारात आला. २००६ च्या '१९४६' या आवृत्तीत दुसऱ्या महायुद्धातली दोनशेहून अधिक विमानं उडवता येतात. आजच्या मानाने त्यातली झाडं पुठ्ठ्याची वाटतात. पण पंखांची उचल, हवेची ओढ, वजन आणि इंजिनाचा जोर यांचा हिशोब तो क्षणाक्षणाला इतका चोख करतो, की उड्डाणाचं भौतिकशास्त्र समजून घ्यायला आजही त्याच्याइतकं चांगलं साधन क्वचितच सापडेल.

पंखाला महत्त्व असतं ते कोनाचं. समोरून येणारी हवा पंखाला किती अंशांत भिडते, त्यावर उचल ठरते. पतंगाची कन्नी बांधताना आपण हाच कोन जमवत असतो. तो चुकला की वारा भरपूर असूनही पतंग गोते खातो. विमानात स्टिक मागे ओढली की हा कोन वाढतो आणि उचलही वाढते. पण साधारण १५ अंशांच्या पुढे हवा पंखाच्या पाठीला चिकटून वाहत नाही, तिथून सुटते. उचल कोसळते. हाच स्टॉल. इंजिन बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही. पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा पूर्ण जोर, देऊनही स्टॉल होतो.

एखादं लढाऊ विमान सरळ उडताना ताशी १५० किलोमीटरला स्टॉल होतं असं धरू. वळणात पंखांना विमानाच्या वजनाच्या काही पट भार उचलावा लागतो. ही पट 'जी'मध्ये मोजतात. स्टॉलचा वेग या पटीच्या वर्गमुळाने वाढतो. म्हणजे २ जीच्या वळणात तो २१२ होतो आणि ४ जीच्या वळणात थेट ३००. आता सुरुवातीचा याक बघा. काटा २२० वर असताना त्याच्या पंखांत जेमतेम २ जीची ताकद उरलेली होती आणि खेळाडू त्याहून जास्त मागत होता.

पण वेग २२० वर आलाच कसा? पंख उचल निर्माण करतात तेव्हा त्यांच्या टोकांपाशी भोवरे तयार होतात, आणि त्या भोवऱ्यांना लागणारी ऊर्जा विमानाच्या वेगातूनच जाते. ही ओढ उचलीच्या वर्गाने वाढते. वेग तोच ठेवून ३ जीचं वळण घेतलं, तर ही ओढ तिप्पट होत नाही, नऊपट होते. इंजिनाला ती भरून काढता येत नाही, मग वेग झिजत जातो. स्टिक ओढण्याची खरी किंमत ही आहे, आणि हा गेम ती दर वेळी वसूल करतो.

वेगाइतकीच उंचीही शिल्लक असते, आणि एकीच्या बदल्यात दुसरी मिळते. सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर वेगाचं विमान ५४० पर्यंत न्यायचं, तर हवेची ओढ न धरता सुमारे ६४० मीटर उंची खर्च होते. तीच उंची पुन्हा चढली की वेग परत ३६० वर येतो. जो शत्रूपेक्षा हजार मीटर वर आहे, त्याच्या हातात हा सगळा साठा आहे, म्हणून अनुभवी खेळाडू आधी उंची गाठतात आणि मगच लढाईत उतरतात.

याच हिशोबातून वळणाची एक युक्ती निघते. वैमानिक तिला हाय यो-यो म्हणतात. ३ जीच्या वळणात सेकंदाला १०० मीटर वेगाने साधारण ३६० मीटर त्रिज्येचं वर्तुळ होतं आणि फेरी २३ सेकंदांत पुरी होते. १५० मीटर वेगाने त्रिज्या ८१० मीटरवर जाते आणि फेरीला ३४ सेकंद लागतात. म्हणजे वेगवान विमानाने हळू विमानाच्या वर्तुळात शिरण्यासाठी नुसती स्टिक ओढून भागत नाही. शत्रू वळायला लागला की पंख थोडे सरळ करा, नाक वर घ्या आणि वेग उंचीत बदला. माथ्यावर वेग कमी असताना विमान त्याच्या दिशेने कलवा. तिथे वळण आपोआप आखूड होतं. मग खाली उतरत नाक त्याच्या पुढच्या वाटेवर आणा. सगळ्यात जास्त चुकतं ते माथ्यावर: खेळाडू तिथे घाईने ओढतो आणि वेग आधीच कमी असल्यामुळे लगेच स्टॉल होतो. त्या दोन सेकंदांत हात सैल ठेवणं हीच खरी कसोटी.

नेमबाजीतही नवख्याचा अंदाज असाच फसतो. सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघालेली गोळी हवेत मंदावत ३०० मीटर जायला साधारण ०.४ सेकंद घेते. तेवढ्यात आडवं जाणारं विमान ४० मीटर पुढे सरकतं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या चौपटीहून जास्त. त्यामुळे विमानावर नेम धरून झाडलेली गोळी त्याच्या शेपटीच्याही बरीच मागून जाते. त्यात पंखांतल्या बंदुका आतल्या बाजूला किंचित वळवलेल्या असतात, जेणेकरून ठरावीक अंतरावर त्यांच्या गोळ्यांच्या धारा एकत्र येतील. गेममध्ये हे अंतर उड्डाणाआधी शस्त्रांच्या पानावर मीटरमध्ये भरता येतं. मध्यापासून दोन मीटरवर बसवलेल्या बंदुकांना ५०० मीटर दिलं, तर १०० मीटरवरच्या शत्रूपाशी दोन्ही धारांत ३.२ मीटरचं अंतर राहतं आणि जेमतेम मीटरभर रुंदीचं धड त्यांच्या मधून सुखरूप निसटतं. उलट २०० मीटर दिलं, तर ४०० मीटरवर धारा एकमेकींना ओलांडून पुन्हा चार मीटर फाकतात. ब्रिटनच्या लढाईत अनेक ब्रिटिश वैमानिकांनी हे अंतर ४०० यार्डांवरून २५० वर आणून घेतलं होतं, कारण लांबून मारण्यात अर्थ नव्हता. पंखांतल्या बंदुकांसाठी २०० ते २५० मीटर ठेवावं. याक किंवा मेसरश्मिट १०९-एफची तोफ पंख्याच्या मधोमध असलेल्या पोकळ दांड्यातून मारा करते, तिला डावं-उजवं जुळवायची गरजच नसते.

इंजिनाकडे दुर्लक्ष केलं तरी शिक्षा होते. थ्रॉटल ११० टक्क्यांवर आणि इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर बंद ठेवून लढत राहिलं, तर काही वेळाने इंजिन तापल्याची सूचना पडद्यावर येते. तेव्हा रेडिएटर उघडावा आणि थ्रॉटल ८० च्या आसपास आणावा. उघड्या रेडिएटरमुळे ओढ वाढते, वेग उतरतो, म्हणून हे काम शत्रू मागे लागायच्या आत उरकायचं. उंचीवर हवा विरळ होते, पण पेट्रोल-हवेचं मिश्रण तेच राहिलं तर पेट्रोल जास्त पडतं. बाहेरच्या दृश्यात धुराड्यांतून काळा धूर दिसला, की मिश्रण कमी करायची वेळ झाली. शिवाय कार्ब्युरेटरवाल्या विमानाचं नाक झटक्याने खाली दाबलं, तर पेट्रोल वरच्या बाजूला फेकलं जातं आणि इंजिन गचके खातं. स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश विमानांच्या मर्लिन इंजिनाला हाच त्रास होता. १९४१ मध्ये ब्रिटनच्या फार्नबरो इथल्या बीट्रिस शिलिंग या अभियंता स्त्रीने पेट्रोलच्या वाटेत छोटं भोक असलेली एक साधी चकती बसवून त्यावर तात्पुरता पण कामाचा तोडगा काढला. जर्मन डाइमलर-बेंझ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडलं जाई. म्हणून मेसरश्मिटचा वैमानिक नाक दाबून सरळ खाली पळू शकत असे.

ज्या विमानावरून गेमला नाव मिळालं, ते इल्युशिनचं इल-२ जमिनीवर हल्ले करण्यासाठी बनवलं होतं. अशी ३६,००० हून अधिक विमानं तयार झाली. त्याचं चिलखत सांगाड्यावर टांगलेलं नव्हतं. इंजिन, वैमानिक आणि टाक्या यांना वेढणारं सुमारे ७०० किलोंचं पोलादी कवच हाच पुढच्या धडाचा सांगाडा होता. नंतरच्या दोन आसनी विमानांत मागचा तोफची मात्र या कवचाच्या बाहेर बसत असे. गेममध्ये इल-२ घेऊन ३० अंशांच्या उतरणीत रणगाड्यांवर जाताना उंचीचा हिशोब आधीच करावा. सेकंदाला १०० मीटर वेगात ३ जी लावून विमान सरळ करायला सुमारे ७० मीटर उंची लागते, १५० मीटर वेगात दीडशेहून जास्त. नजर लक्ष्यावर खिळली की हे दीडशे मीटर उरत नाहीत. बॉम्ब अगदी खालून टाकायचा असेल, तर शस्त्रांच्या पानावर स्फोटाला काही सेकंदांचा उशीर द्यावा. शून्य ठेवलं तर स्वतःच्याच बॉम्बने विमान उडतं.

स्टिक हळू ओढायची, तर जॉयस्टिकही तशी जुळवलेली हवी. इनपुटच्या पानावर प्रत्येक अक्षाला दहा पट्ट्या असतात. त्या १०, २०, ३० अशा सरळ चढत्या ठेवल्या, तर मध्यापासून हात जरा हलला तरी नाक उडी मारतं. त्याऐवजी १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१, १०० असे आकडे भरावेत. मध्यापाशी हालचाल बारीक होते आणि टोकाला पूर्ण ताकद तशीच राहते. जुन्या जॉयस्टिकचा काटा मध्यावर थरथरत असेल तर डेडबँड, म्हणजे मध्याभोवतीचा हालचाल न मोजणारा पट्टा, थोडा वाढवावा. फिल्टर मात्र जपून, कारण तो थरथर कमी करतो पण हाताला विमान उशिरा प्रतिसाद देतं. आजच्या रुंद पडद्यावर चित्र नीट बसत नसेल, तर 'कॉन्फ' नावाच्या फाइलमध्ये पडद्याची रुंदी आणि उंची लिहून 'सेव्हअ‍ॅस्पेक्ट' शून्य करावं.

मग एक प्रयोग करून बघावा. याक-१ घेऊन १,००० मीटरवर पूर्ण थ्रॉटल द्यावा आणि घड्याळ लावून सपाट फेरी मारावी. उंची आणि वेग दोन्ही फेरीच्या शेवटी सुरुवातीइतकेच राहायला हवेत. सोव्हिएत चाचणी वैमानिक याच उंचीवर, याच पद्धतीने फेरीचा वेळ नोंदवत. या जातीच्या विमानाला साधारण २० सेकंद लागतात. पहिल्या फेरीत १६ सेकंद दिसले, तर उंचीमापक आणि वेगमापक दोन्ही बघा. वाचलेले चार सेकंद त्यातल्या एकातून गेलेले दिसतील.